मोठ्याचं मटण चिवट राहतंय, रस्सा पाणचट होतोय? आधी हे तपासा

भाकऱ्या थापून झाल्यात, पाहुणे हात धुऊन बसलेत, कुकर तिसऱ्यांदा चढवलाय आणि तुकडा अजून दाताखाली रबरासारखा लागतोय. असा फोन मला महिन्यातून एकदा तरी येतो. माहेरचे, सासरचे, शेजारचे, आता परदेशी गेलेले भाचे-पुतणेसुद्धा विचारतात ते एकच, "आत्या, काय चुकलं?" वीस-बावीस वर्षं घरच्या बारशापासून घरभरणीपर्यंत मोठ्याचं मटण मी रांधत आलेय. पहिली काही वर्षं माझंही असंच बिघडायचं आणि दर वेळी कारण वेगळंच निघायचं. म्हणून सगळं एका जागी, ज्या क्रमानं मी फोनवर विचारते त्याच क्रमानं लिहून ठेवते.

मोठ्याचं म्हणजे आमच्याकडं म्हशी-रेड्याचं. महाराष्ट्रात गोहत्या १९७६ च्या कायद्यानं बंद होती, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले, त्यामुळं दुकानात रीतसर मिळतं ते म्हशीचंच. हे इथं सांगायचं कारण स्वयंपाकाचंच आहे. म्हशीचं मांस गडद लाल, धागा जाड, चरबी पांढरीशुभ्र आणि कमी. गाई-बैलाची चरबी पिवळसर असते. गोव्यातले किंवा परदेशातले नातेवाईक बैलाचं आणतात, तेव्हा त्यांचं वेळेचं गणित आपल्यापेक्षा वेगळं पडतं. इथं कापली जाणारी म्हैस बरेचदा दूध आटलेली, वय झालेली असते. तिला वेळ जास्तच लागणार, हे मनाशी धरूनच चूल पेटवायची.

आधी लक्षण ओळखा

"मटण बिघडलं" म्हटलं की मला काहीच कळत नाही. एक तुकडा ताटलीत काढा, निवू द्या, बोटानं दाबा, मग चावा. खालीलपैकी काय होतंय ते सांगा.

– तुकडा दाबला की उसळी मारून परत वर येतो, चावताना दातांना ढकलतो. आतली पांढरी शीर अजून पांढरी आणि टणक दिसते.

– तुकड्याचे धागे सुटतात, पण तोंडात कापसासारखे कोरडे लागतात. कितीही चावलं तरी रस येत नाही. याला बहुतेक जण "शिजलं नाही" म्हणतात आणि परत कुकर लावतात. इथंच सगळ्यात जास्त मटण वाया जातं.

– बाहेरून पीठ झालंय, आत मात्र घट्ट.

– मटण मऊ आहे, पण रस्सा पाण्यासारखा, तिखट वर तरंगतंय आणि तुकडा आतून अळणी.

– उग्र वास येतो, खाणारा पहिल्या घासालाच थांबतो.

पहिल्या दोन लक्षणांचे उपाय एकमेकांच्या अगदी उलटे आहेत. पहिल्याला वेळ कमी पडलाय. दुसऱ्याला एक तर वेळ जास्त झालाय, नाहीतर तुकडाच चुकीच्या भागाचा आहे.

असं का होतं? मांसाचे धागे ज्या पांढऱ्या पापुद्र्यांनी बांधलेले असतात त्यांना कोलॅजन म्हणतात. साठ-पासष्ट अंशांच्या आसपास हे पापुद्रे आवळतात आणि ओला कपडा पिळावा तसा धाग्यांतला रस पिळून काढतात. तुकडा सगळ्यात चिवट असतो तो याच टप्प्यावर. सत्तरच्या पुढं नेऊन भरपूर वेळ दिला की तेच कोलॅजन विरघळून जिलेटिन होतं. मग शीर पारदर्शक दिसते, तुकडा सैल पडतो, रस्सा ओठाला चिकटतो. म्हणून या मांसाला एक तर तीन मिनिटं द्यायची, नाहीतर तास-दोन तास. मधे कुठंही थांबलात तर दात दुखणार. माझे पुढचे सगळे प्रश्न याच एका गोष्टीभोवती फिरतात.

१. शिट्ट्या नको, घड्याळ बघा

याला पैसा लागत नाही आणि निम्मे फोन इथंच संपतात.

"आठ शिट्ट्या केल्या हो." पण किती मिनिटांत? मोठ्या आचेवर आठ शिट्ट्या दहा मिनिटांत होतात, बारीक आचेवर त्याच आठ शिट्ट्यांना अर्धा तास लागतो. शिट्टी म्हणजे जादाची वाफ बाहेर पडली एवढंच. आत दाब असताना साधारण १२० अंश तापमान असतं, मग शिट्टी होवो न होवो. म्हणून पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक करायची आणि तिथून मिनिटं मोजायची.

माझं गणित असं. दीड इंचाचे तुकडे, म्हशीचं, मध्यम वयाचं जनावर. राणेला, म्हणजे मागच्या मांडीला, ३० ते ३५ मिनिटं, खांदा, मान आणि सीना (छाती) यांना ४० ते ४५, नळी आणि खुरांना तासभर. जनावर जून असेल तर पंधरा मिनिटं वर. परदेशातलं मांस बहुधा दोन-अडीच वर्षांच्या आतल्या जनावराचं असतं, तिथं खांद्याला २५ ते ३० मिनिटं पुरतात. आमच्या भाच्यानं माझं पंचेचाळीस मिनिटांचं गणित तिकडं जसंच्या तसं वापरलं आणि तुकड्यांचा चुरा झाला. चूक माझी होती, मी जनावराचं वय विचारलंच नव्हतं.

आच बंद केल्यावर शिट्टी उचलून वाफ सोडू नका. दाब एकदम उतरला की तुकड्यातलं पाणी तिथल्या तिथं खळखळून उकळतं आणि वाफ होऊन निघून जातं. कुकर आपोआप निवू द्या. पंधरा-वीस मिनिटं जातात, पण तुकडा रसाळ राहतो.

उघड्या पातेल्यात करणाऱ्यांनी अडीच ते तीन तास धरावेत. आणि गाव उंचावर असेल तर आणखी. दर तीनशे मीटरला पाणी साधारण एक अंश आधी उकळतं. पुण्यात ते अठ्ठ्याण्णवला, महाबळेश्वरला पंच्याण्णवच्या थोडं वर. सहलीला जाऊन तिथं पातेल्यात मटण करायचं ठरवलं असेल तर सकाळीच चढवा.

२. पाणी किती घातलं?

किलोभर मटणाला दीड वाटी पाणी कुकरमध्ये पुरतं, कारण मटण स्वतःचंही पाणी सोडतं. तुमच्या कुकरच्या पुस्तिकेत कमीत कमी पाण्याचं माप दिलेलं असेल तर मात्र तेच पाळा. लोक लिटर-दीड लिटर ओततात आणि मग रस्सा पाणचट झाला म्हणून वरून तिखट घालत बसतात. तिखट वाढतं, चव वाढत नाही.

शिजल्यावर जे पाणी उरतं ते आमचं अळणी. त्यात सगळं जिलेटिन आणि हाडाचा अर्क उतरलेला असतो. ते ओतून देणाऱ्या घरातही मी जेवलेय, फार वाईट वाटलं. अळणी गाळून बाजूला ठेवा, मसाला परतून झाल्यावर तेच रश्शाला घाला. जास्त झालं असेल तर आधी उघड्या भांड्यात आटवून निम्मं करा. पोरांना आणि आजाऱ्यांना एकेक वाटी काढून ठेवायला विसरू नका.

३. मीठ कधी घातलं?

"मीठ आधी घातलं की मटण शिजत नाही," हे मी माझ्या सासूबाईंकडून ऐकलं आणि पंधरा वर्षं पाळलं. तसं होत नाही. उलट तासभर आधी मीठ लावून ठेवलं तर ते आत उतरतं आणि धागे पाणी धरून ठेवतात. मसाल्यातली बाकीची चव तुकड्याच्या आत फारशी शिरत नाही, पृष्ठभागावरच राहते. आत जातं ते मुख्यतः मीठ. "रस्सा झणझणीत पण तुकडा अळणी" याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं. किलोला दोन सपाट छोटे चमचे मीठ आणि अर्धा चमचा हळद लावून तास-दीड तास फ्रिजमध्ये ठेवा. नंतर रश्शात मीठ घालताना हे ध्यानात धरा, नाहीतर खारट होईल.

४. सुरी कुठल्या दिशेनं चालवली?

मांसाचा तुकडा उजेडात धरला की धाग्यांच्या रेघा दिसतात. त्या रेघांना आडवं कापायचं. उभं कापलं तर प्रत्येक घासात लांबच लांब दोरी येते आणि नीट शिजलेलं मटणही चिवट लागतं. रश्शाच्या मोठ्या तुकड्यांना याचा फरक कमी पडतो, पण सुक्क्याला आणि चिली फ्रायला सगळा खेळ सुरीवरच आहे.

तुकडे फार बारीकही करू नका. दुकानदार सवयीनं इंचाचे करून देतो. एवढासा तुकडा शिजायच्या आधीच बाहेरून कोरडा पडतो. दीड-दोन इंचाचे सांगून घ्या.

मानेचं मटण असेल तर आणखी एक बघा. मानेत पिवळसर, जाड, दोरखंडासारखी शीर असते. ती कोलॅजनची नाही, दुसऱ्याच जातीची आहे, इलॅस्टिन. ती दोन तास दाबाखाली ठेवली तरी विरघळत नाही. "अर्धं मटण लोण्यासारखं आणि मधेच एखादा तुकडा चामड्यासारखा" अशी तक्रार असेल तर ही शीर आत राहून गेलीय. शिजवण्याआधी सुरीनं खरवडून काढून टाका. आणि चरबीत करड्या-तपकिरी गाठी दिसल्या तर त्याही काढा, उग्र वास येण्यात त्यांचा वाटा असतो.

५. परतणं आणि मसाला

इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण मटण मऊ झालं की लोक थांबतात, आणि चव मात्र इथंच बनते.

धुतलेलं मटण तसंच ओलं कढईत टाकलं की ते परतलं जात नाही, उकडतं. पाणी असेपर्यंत तापमान शंभराच्या वर जातच नाही, आणि तुकड्यावर तो खमंग तपकिरी रंग यायला एकशेचाळीसच्या आसपास जावं लागतं. मटण धुऊन चाळणीत अर्धा तास निथळू द्या, मग स्वच्छ फडक्यानं टिपा. कढईत एका वेळी एकच थर. पाच किलो एकदम ओतलंत तर कढई थंड पडते, मटण पाणी सोडतं आणि करड्या रंगाचं होऊन बसतं.

माझ्या आजीची रीत वेगळी होती, आणि तीही तितकीच चांगली. हळद-मीठ लावलेलं मटण थोड्या तेलावर टाकायची, झाकण न लावता मध्यम आचेवर त्याच्याच पाण्यात आटवायची. पंधरा-वीस मिनिटांत पाणी संपतं, तेल-चरबी सुटते, मग त्याच चरबीत तुकडे परतले जातात. उघड्यावर आटल्यामुळं उग्र वासही निघून जातो. ज्यांना वासाची तक्रार आहे त्यांनी हीच रीत धरावी. आलं-लसूण त्यानंतर. कच्चं आलं-लसूण मटणाच्या पाण्यात उकडलं की त्याचाच एक वेगळा वास येऊन बसतो.

मसाल्यात चुकतं ते कांद्यात. कांदा गुलाबी झाला की लोकांचा धीर सुटतो. मोठ्याच्या मटणाला कांदा गडद तपकिरी लागतो. तीन मध्यम कांद्यांना मध्यम आचेवर वीस मिनिटं तरी. सुकं खोबरं थेट विस्तवावर किंवा तव्यावर डाग पडेपर्यंत भाजा, पण जाळू नका, जळलेलं खोबरं सगळा रस्सा कडू करतं. वाटण घातल्यावर कडेनं तेल सुटेपर्यंत परता. मिक्सरमध्ये वाटताना घातलेलं पाणी आधी उडून जायला हवं, मगच मसाला भाजला जातो.

आम्ही मराठवाड्याकडचे, त्यामुळं रस्सा दाट करायला येसूर. धान्य आणि खडा मसाला भाजून दळलेला असला तरी तो उकळायला वेळ मागतो. आधी गार पाण्यात कालवा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत, मग उकळत्या रश्शात ओता आणि दहा मिनिटं बारीक आचेवर राहू द्या. शेवटच्या मिनिटाला टाकलेला येसूर जिभेवर कचकच लागतो आणि रस्सा ताटात पडल्यावर घट्ट होत जातो. येसूर नसेल तर दोन चमचे बाजरीचं पीठ तव्यावर खमंग भाजून तसंच कालवून वापरा.

मग शिजलेलं मटण या रश्शात घालून वीस मिनिटं अगदी बारीक आचेवर ठेवा, आणि जमलं तर अर्धा तास झाकून. पाणी वाढवायचं असेल तर उकळतं. गार पाणी पडलं की रस्सा थंड पडतो आणि परत उकळी धरायला दहा मिनिटं जातात.

६. आंबट आणि डाळ

दालच्यात, म्हणजे डाळ-दुधी घालून केलेल्या मटणात, डाळ किंवा दुधी कच्चा राहत असेल तर चिंच किंवा टोमॅटो आधी पडलंय. आंबटानं डाळ आणि भाजी लवकर मऊ होत नाही. बटाट्याचंही तसंच. चिंच शेवटी.

७. कुकर दाब धरतोय का?

वेळ पुरेसा दिला, भाग बरोबर, तरी तुकडा उसळी मारतोय? मग कुकर बघा. झाकणाच्या कडेनं वाफेची रेघ दिसते का? पाणी गळतं का? पहिली शिट्टी व्हायला अर्धा तास लागतो का? रबर कडक झालंय किंवा चिरलंय. थोड्या पैशांची वस्तू आहे, वर्षातून एकदा बदला, पण त्याच कंपनीचं आणि त्याच मापाचं घ्या. दुसरं "बसतं की" म्हणून लावू नका. शिट्टीच्या नळीतून उजेड आरपार दिसायला हवा. येसूर किंवा डाळ अडकली असेल तर बारीक काडीनं साफ करा. आणि कुकर दोन तृतीयांशापेक्षा जास्त कधीही भरू नका.

८. कुठला भाग आणला?

आता दुकानात जावं लागतं, म्हणून हे एवढ्या खाली.

कापसासारखं कोरडं होणारं मटण जवळजवळ नेहमी राणेच्या आतल्या, बिनचरबीच्या गोळ्याचं असतं. दिसायला देखणं, साफ, हाड नाही, शीर नाही. दुकानदार "एकदम साफ देतो" म्हणतो आणि आपण खूश होतो. पण ज्यात कोलॅजन नाही त्यात विरघळायलाही काही नाही. रश्शाला सीना, मान, खांदा आणि दोन नळ्या घ्या. बघायला पांढऱ्या शिरांनी भरलेलं असतं आणि स्वस्तही पडतं. राणेचं मटण खिम्याला, कबाबाला किंवा पातळ कापून सुक्क्याला.

भाच्यानं पहिल्यांदा तिकडं मित्रांना जेवायला बोलावलं तेव्हा दुकानातलं सगळ्यात महाग स्टेक आणलं आणि तासभर कुकरला लावलं. पैसे गेले आणि मटण कापूस झालं. आता तो शिन (नळीचं), चक (खांद्याचं) किंवा ब्रिस्केट (सीन्याचं) मागतो, निम्म्या पैशात येतं.

उलट चिली फ्रायला अंडरकटच हवं, म्हणजे पाठीच्या कण्याच्या आतल्या बाजूचा मऊ गोळा. धाग्याला आडवे पातळ काप, कढई धुरावेपर्यंत तापलेली, एका वेळी पावशेर, तीन मिनिटं, बस. कांदा-मिरची वेगळी परतून शेवटी मिसळायची. पाचव्या मिनिटाला तेच काप चिवट होतात, आणि मग "अजून थोडं शिजू दे" म्हटलं की संपलंच. अंडरकट नाही मिळालं तर राणेच्या कापांना अर्ध्या किलोला पाव चमचा खायचा सोडा पंधरा मिनिटं लावा, धुवा, टिपा, मग परता. सोडा यापेक्षा जास्त झाला की साबणासारखी चव लागते.

खिम्याला मात्र तीन मिनिटांचा हिशोब लावू नका. अख्ख्या तुकड्यात जंतू असले तर बाहेरच्या बाजूला असतात. खिमा करताना ते सगळीकडं मिसळतात. आतला लाल रंग जाईपर्यंत, मध्यभागी एकाहत्तर अंश होईपर्यंत शिजवा.

कच्च्या पपईबद्दल सगळे विचारतात. कबाबाला, सुक्क्याला चांगली. सालासकट वाटून अर्ध्या किलोला एक चमचा, पाऊण तास, एवढंच. रात्रभर लावून ठेवली की बाहेरून पीठ आणि आत घट्ट, म्हणजे वरचं तिसरं लक्षण. पपईचा रस आत शिरत नाही, पृष्ठभागच खातो. कुकरच्या रश्शाला तिची गरज नाही.

९. आणल्यावर मटण कुठं ठेवलं?

हे शोधायला मला सगळ्यात जास्त वर्षं लागली. शुक्रवारी पहाटे कापलेलं ताजं मटण आणायचं, लहान तुकडे करून थेट फ्रीजरमध्ये टाकायचं आणि रविवारी करायचं. दर वेळी चिवट. त्याच दुकानाचं, त्याच भागाचं मटण आणल्याबरोबर केलं तर छान.

कापल्यावर काही तासांनी मांस आखडतं, मग हळूहळू सैल पडतं. आखडण्याच्या आधीच, स्नायू अजून जिवंतपणी असतो तसा असताना, ते दहा अंशांच्या खाली झपकन गेलं तर धागे इतके आकसतात की नंतर नीट सुटत नाहीत. लहान तुकडे तर लगेच गार होतात. म्हणून एक तर आणल्याबरोबर शिजवा, नाहीतर मोठा गोळा तसाच, तुकडे न करता, झाकून फ्रिजच्या खालच्या खणात दीड-दोन दिवस ठेवा आणि मग तुकडे करा. गोठवायचंच असेल तर फ्रिजमधल्या एका दिवसानंतर. ओट्यावर मात्र ठेवायचं नाही, आपल्या उन्हाळ्यात तासाभरातच धोका सुरू होतो. गोठवलेलं सोडवायचं तेही फ्रिजमध्येच, रात्रभर.

आमच्या आजीकडं फ्रिज नव्हता, ती चान्या करायची. लांब पट्ट्या कापून, मीठ लावून, दोरीवर वैशाखाच्या उन्हात वाळवलेल्या. कुणी चान्या रश्शात टाकून "शिजत नाहीत" म्हणत असेल तर आधी कोमट पाण्यात तासभर भिजवा, बत्त्यानं चेचा, मग कुकर. निखाऱ्यावर भाजून खायच्या असतील तर भिजवायची गरज नाही.

१०. माणसं वाढली की

दोन किलोचं माप पाचनं गुणून दहा किलो होत नाही. मोठ्या पातेल्यात वाफ त्या मानानं कमी उडते, म्हणून पाणी पाचपट घालू नका, साडेतीन पटींपासून सुरुवात करा. कांदा भाजायला दुप्पट-तिप्पट वेळ धरा, आणि तो आदल्या दिवशी भाजून ठेवा. मटण दोन-तीन कुकरांत वेगवेगळं शिजवून शेवटी एका रश्शात मिसळा. जून-कोवळं एकत्र आलं असेल तर असं वेगळं केल्यानं तेही सापडतं. मी तर आदल्या रात्रीच करते. रात्रभर फ्रिजमध्ये मुरलेला रस्सा दुसऱ्या दिवशी गोल लागतो, आणि पाहुणे आल्यावर मला त्यांच्यात बसता येतं.

इथं थांबा, पुढं हात घालू नका

मटणाला आंबूस किंवा सडका वास आहे, बोटाला चिकट तार येते, कडेला हिरवट झाक आहे, तर धुऊन, मसाला वाढवून, जास्त शिजवून ते खाण्याजोगं होत नाही. फेकून द्या. पाहुण्यांना पिठलं-भाकरी वाढा, कुणी नाव ठेवत नाही.

सगळा मिळून दीड तास दाबाखाली जाऊनही तुकडा उसळी मारत असेल तर आणखी गॅस जाळू नका. ती शीर आहे, नाहीतर कुकर दाब धरत नाही. आहे ते मटण धाग्याला आडवं बारीक चिरून सुकं करून टाका.

कुकरचा सुरक्षा झडपेचा बटणासारखा भाग उडाला असेल, झाकण वाकलं असेल, दांडा हलत असेल तर कंपनीच्या दुरुस्ती केंद्रातच न्या. तो भाग घरी बदलून, वर चिकटपट्टी लावून वापरणारी माणसं मी बघितलीत. असं करू नका.

गॅसची ज्योत पिवळी, भांड्याला काजळी धरतेय, आच मोठी होतच नाही, तर एजन्सीचा माणूस बोलवा. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, कुठलंही बटण दाबू नका आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन लावा.

पन्नासाच्या वर पानं असतील तर बावर्ची किंवा आचारी बोलवा. मी स्वतः चाळीसला थांबते. मोठी डेग उतरवताना हात भाजलेली बाई मी पाहिलीय. मोठी हाडं आणि खूर तोडायचं कामही खाटकाचंच. घरच्या सुरीनं तो प्रयत्न नको.

खाल्ल्यावर कुणाला ताप, रक्ताचे जुलाब किंवा पाणीही पोटात न ठरणारी उलटी सुरू झाली तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरकडं न्या. लहान मूल, म्हातारं माणूस किंवा गरोदर बाई असेल तर पहिल्या लक्षणालाच.

आणि उरलेला रस्सा. मोठं पातेलं झाकून ओट्यावर रात्रभर ठेवलं की मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो, आणि मटणाच्या रश्शात वाढणाऱ्या जंतूंना तेवढंच पाहिजे असतं. शिजताना न मेलेले काही बीजाणू त्याच वेळी जागे होतात. जेवणं झाली की लगेच लहान, पसरट भांड्यांत काढा, भांडी गार पाण्यात ठेवून निववा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. सकाळी लागेल तेवढाच काढून खळखळ उकळी आणा, शिळी भाकरी कुस्करा, वरून कच्चा कांदा आणि लिंबू.